पडून असलेली दोन क्रेडिट कार्डं बंद केली तर सिबिल (कर्ज देताना बँका बघतात तो स्कोअर) पडेल का?

जुळे_सोलापूरकर: तीन कार्डं आहेत. रोजच्या वापरातलं दीड लाख लिमिटचं. सगळ्यात जुनं २०१६ चं, ६० हजारांचं, फी नाही. तिसरं ४० हजारांचं, वार्षिक फी ४९९. शेवटची दोन वर्षभर वापरलेली नाहीत. महिन्याचा खर्च ४५ हजार. दिवाळीनंतर होटगी रोडला फ्लॅटसाठी गृहकर्ज काढायचंय. दोन्ही बंद करू का?

नवीपेठ_हिशेबनीस: दोन्ही नको. आज एकूण लिमिट अडीच लाख, म्हणजे वापर १८ टक्के. हा टक्का वाढला की स्कोअर पडू शकतो. दोन्ही गेली की तोच खर्च थेट ३० टक्क्यांवर. फक्त फीवालं गेलं तर जवळपास साडेएकवीस. तेवढंच बंद करा, तेही कर्ज हातात पडल्यावर. मधे फी लागलीच तर जीएसटीसह ५८९ रुपये. कर्जाच्या व्याजापुढे किरकोळ. आधी फी माफ करून मागा, बऱ्याचदा देतात.

खरा धोका जुन्या कार्डाला आहे. वर्षाहून जास्त वापर नसेल तर बँक कळवते आणि ३० दिवसांत उत्तर न दिल्यास स्वतःच बंद करते. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यावर लाइटबिल भरा.

सात_रस्ता: बंद करताना आधी पॉइंट वापरा, ऑटो-पे आणि यूपीआयची जोडणी काढा. ईएमआय चालू असेल तर उरलेली मुद्दल एकदम भरावी लागते. नुसतं कार्ड कापून खातं बंद होत नाही हो! आणि बँकेनं ‘सेटलमेंट’ (थोडी रक्कम भरून बाकी सोडून देणं) सुचवलं तर अजिबात नको, रिपोर्टात ‘सेटल्ड’ हा शेरा पुढच्या कर्जाला नडतो.

जुळे_सोलापूरकर: कस्टमर केअरवाले अर्ज पोस्टानं पाठवा म्हणतायत.

सात_रस्ता: तशी सक्ती करता येत नाही. ॲप, ईमेल किंवा हेल्पलाइनवरून विनंती टाका, नंबर जपून ठेवा. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद व्हायला हवं. पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचं) पत्र घ्या.

नवीपेठ_हिशेबनीस: महिना-दीड महिन्यानं सिबिलचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. खातं ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य दिसलं पाहिजे. नसेल तर तिथंच तक्रार टाका, सोबत नो ड्यूज जोडा.