मदत हवी आहे : महिलांच्या जमीनहक्काची पाहणी नेमकी कशी करावी?

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा आणि निफाड तालुक्यांत परदेशी निधीवर चाललेल्या एका पाणलोट प्रकल्पाचे मूल्यमापन आमच्या गटाकडे आले आहे. निधी देणाऱ्यांच्या तक्त्यात स्त्री-पुरुष समानतेसाठी एकच रकाना आहे : बैठकीस किती महिला उपस्थित होत्या. हजेरीपटावर सह्या भरपूर असतात. परंतु शेततळे कोणाच्या जमिनीत खोदायचे हे ठरताना त्या सह्यांना फारसे वजन राहत नाही, कारण सातबाऱ्यावर नाव बहुधा नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे असते. भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या ‘सीडॉ’ या स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे कलम १४ ग्रामीण स्त्रियांना विकासाच्या नियोजनात सहभागाचा हक्क देते आणि शाश्वत विकासाचे पाचवे उद्दिष्ट तर जमिनीच्या मालकीचाच उल्लेख करते, त्यामुळे तक्ता बदलून मागणे अवाजवी ठरू नये.

अडचण आहे ती माहिती मिळवण्याची. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा वनजमिनीचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. पण त्या जमिनीत काय पेरायचे, हे बाईला विचारले की उत्तर ओसरीवरून पुरुषच देतात. (हे नवे नाही, पण प्रश्नावली तिथेच कोलमडते.)

अशा पाहणीसाठी कोणी मराठीत प्रश्नावली तयार केली असल्यास कृपया नमुना द्यावा. तसेच ‘लक्ष्मी मुक्ती’ योजनेखाली पत्नीचे नाव लागलेल्या फेरफार नोंदी तलाठ्याकडून गावनिहाय मिळवण्यासाठी अर्ज कसा करावा, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.