मदत हवी आहे: ग्रुप राइडमध्ये ग्रुप फुटतो, एकत्र कसं ठेवायचं?

निव्वळ_भटका
रविवारी बाइकची राइड आहे आणि नियोजन माझ्या गळ्यात पडलंय. दर वेळी ग्रुप फुटतो. पुढचे भुंगाट जातात, मागचे कुठेतरी चहाला थांबलेले, फोन लागत नाही आणि अर्धा दिवस शोधाशोधीत जातो. सगळ्यांना एकत्र ठेवायची काही पद्धत आहे का? हेल्मेटमधून बोलायचा इंटरकॉम सुचवू नका, बजेट नाही. लवकर सांगा, शुक्रवारी सगळ्यांना मेसेज टाकायचाय.

तिसरा_गिअर
किती गाड्या? कोणत्या? कुठून कुठे? डबलसीट किती? हे म्हणजे डॉक्टरला फोन करून "दुखतंय, गोळी सांगा" म्हणण्यासारखं झालं.

बुलेटप्रेमी
३५० सीसीच्या खालची गाडी घेऊच नका. सगळ्या गाड्या एका ताकदीच्या असल्या की ग्रुप फुटत नाही. विषय संपला.

निव्वळ_भटका
पुणे ते दिवेआगर, ताम्हिणीतून. १४ गाड्या. आता सांगा.

सुकाणू
१४ गाड्यांचा एक ग्रुप करूच नका. सात-सातचे दोन करा, प्रत्येकाचा लीड (सगळ्यात पुढचा) वेगळा, टेल (सगळ्यात शेवटचा) वेगळा, आणि दोन्ही ग्रुप दहा मिनिटांच्या फरकाने सोडा. हिशोब बघा. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. दोन सेकंदांचं अंतर म्हणजे ३३ मीटर. एकामागे एक १४ गाड्या चालल्या तर रांग सव्वाचारशे मीटरच्या वर जाते, आणि घाटात तेवढं सरळ दिसतच नाही. सात गाड्यांची रांग २०० मीटर.

सरळ रस्त्यावर स्टॅगर्ड, म्हणजे आलटूनपालटून डावी-उजवी रांग: लीड आपल्या लेनच्या उजव्या बाजूला, दुसरा डाव्या बाजूला एक सेकंद मागे, तिसरा पुन्हा उजवीकडे. थेट पुढच्या गाडीपासून दोन सेकंद. घाट लागला, रस्ता अरुंद झाला किंवा गाव आलं की सिंगल फाइल, म्हणजे एकामागे एक. लीडने डावा हात वर करून एक बोट दाखवायचं, मागच्या प्रत्येकाने तोच इशारा पुढे द्यायचा. दोघांनी शेजारीशेजारी कधीच चालवायचं नाही, खड्डा चुकवायला जागाच उरत नाही.

आता मूळ प्रश्न. फाटा आला की लीडच्या मागचा पहिला गडी तिथे थांबतो आणि कुठे वळायचं ते हाताने दाखवतो. बाकीचे जातात. टेल आला की हा टेलच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर जो लीडच्या मागे असेल तो थांबतो. फोन नको, इंटरकॉम नको.

तिसरा_गिअर
कागदावर छान आहे. सातच्या ग्रुपमध्ये चार फाटे जवळजवळ आले की रांगेत उरतं कोण? आणि नवखा माणूस रस्त्याकडेला एकटा उभा ठेवायचा? त्यापेक्षा आरशाचा नियम: आपल्या मागच्याची जबाबदारी आपली. तो दिसेनासा झाला की वेग कमी करायचा, तरी दिसला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबायचं. आपण थांबलो की आपल्या पुढचाही थांबतो, असं करत लीडपर्यंत निरोप पोचतो.

सुकाणू
ताम्हिणीत दर वळणावर मागचा दिसेनासाच होणार, प्रत्येक वेळी थांबणार का? आरसा सरळ रस्त्यावर, माणूस फाट्यावर. या रस्त्यावर गडबड होऊ शकते अशा जागा मोजक्याच आहेत: चांदणी चौक, पौड, विळे, माणगाव, म्हसळा. विळ्याला उजवीकडे गेला तो कोलाडकडे गेला. तुम्हाला डावीकडे निजामपूर-माणगाव पाहिजे.

उभं कुठे राहायचं हेही सांगून ठेवा. वळणाच्या आतल्या बाजूला नाही. फाट्याच्या थोडं पुढे, डांबर सोडून, लांबून दिसेल असं. टेल येईपर्यंत हलायचं नाही, अर्धा तास गेला तरी. टेलला भगवं नाहीतर पोपटी जॅकेट द्या, म्हणजे ओळखायला वेळ लागत नाही.

अण्णा_पौडरोड
जमायला चांदणी चौक अजिबात नको. नवे पूल झाल्यापासून कोणता रॅम्प कुठे उतरतो हे रोजच्या माणसालाही दोनदा बघावं लागतं, तुमचा ग्रुप तिथेच फुटेल. पिरंगुटच्या पुढे पेट्रोल पंपावर जमा. सगळ्यांनी टाक्या तिथेच भरा, हवा तिथेच बघा. घाटात पंप शोधू नका.

समुद्रकाठ
येताना दिघी-आगरदांडा जेट्टीवरून गाड्या बोटीत टाकून मुरुडमार्गे या. मस्त आहे. पावसात बोट चालू आहे का ते आधी विचारा.

निव्वळ_भटका
परतीचं विचारलं नव्हतं, पण धन्यवाद. दोन ॲक्टिव्हा आहेत आणि तिघे डबलसीट आहेत, त्याने काही फरक पडतो का?

तिसरा_गिअर
हे आता सांगताय! फरकच फरक पडतो. आणि पाऊस? जुलै आहे म्हणून विचारतो.

निव्वळ_भटका
पाऊस असणारच ना, म्हणून तर ताम्हिणी.

मैत्रेयी_के
मग वरचे आकडे बदला. ओल्या रस्त्यावर दोन सेकंदांचे चार करा. घाटात ४० चा वेग धरला तर प्रत्येक गाडीत ४५ मीटर. सावलीतल्या वळणांवर कडेला शेवाळ असतं, पांढरे पट्टे निसरडे होतात, मुळशीच्या भातखाचरांतून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर चिखल सोडून जातो. वळणात ब्रेक नाही. वेग वळणाच्या आधी कमी करा.

ॲक्टिव्हा लीडच्या लगेच मागे ठेवा, डबलसीट त्यांच्या मागे. शेवटी ठेवल्या तर हाल होतात. पुढच्याने स्पीडब्रेकर ओलांडून गिअर वाढवला की मागच्याला तेवढंच अंतर भरायला जास्त पळावं लागतं, रांगेत मागे जाल तसं ते वाढत जातं. लीड ५० ने चालला तरी शेवटचा ७० ने धावत असतो. म्हणून स्पीडब्रेकर, चेकपोस्ट किंवा ट्रक ओलांडल्यावर लीडने शेवटची गाडी पार होईपर्यंत वेग वाढवायचा नाही.

उतारावर आणखी एक भानगड. गिअरची गाडी इंजिनवर वेग कमी करते, पण तेव्हा मागचा लाल दिवा लागत नाही. मागच्या स्कूटरला कळतच नाही. लीडने ब्रेकला हलकासा स्पर्श करून दिवा चमकवायचा. स्कूटरला इंजिनाची मदत कमी, वेग फार उतरला की क्लचच सुटतो. त्यामुळे सगळं ओझं ब्रेकवर. ड्रम ब्रेक सतत दाबून धरला तर तापतो आणि पकड जाते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

बुलेटप्रेमी
सगळ्यांनी हझार्ड लाइट चालू ठेवायचे, लांबून दिसतं. आणि सायलेन्सर जरा आवाजाचे असले की गाड्यावाले बाजूला होतात.

मैत्रेयी_के
चालत्या गाडीला हझार्ड नको. मग कोण वळतंय ते कळणार कसं? इंडिकेटरचा उपयोगच संपतो. धुकं दाट असेल तर लो बीम, टेल लॅम्प, आणि वेग कमी.

अण्णा_पौडरोड
आणि सायलेन्सरचा आवाज मागे जातो, बुलेटप्रेमी. पुढून येणाऱ्या काचा बंद गाडीला तो ऐकूच येत नाही. पोलिसाला मात्र येतो.

सुकाणू
ओव्हरटेक प्रत्येकाचा स्वतःचा. पुढच्याने हात हलवून "ये" म्हटलं म्हणून कोणी निघायचं नाही, समोरचं स्वतःला दिसलं तरच. लीडने ट्रक ओलांडला की मागच्याला शिरायला जागा ठेवून पुढे जायचं, लगेच डावीकडे दाबून वेग कमी करायचा नाही.

कोणी पडलंच तर सगळी वरात वळणावर उभी करू नका. टेल आणि आणखी एक जण थांबेल, बाकीचे पुढे रुंद जागेला. एकाने मागे जाऊन वळणाच्या अलीकडून येणाऱ्या गाड्या हळू करायच्या. श्वास घेता येत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तेव्हा जवळ पडेल त्या बाजूच्या गावाकडे एक गाडी पाठवा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट, आयएसआय खुणेचं, पट्टा बांधून.

खादाडखाऊ
दिवेआगरला मोदक कुठे चांगले मिळतात?

निव्वळ_भटका
धन्यवाद सगळ्यांना. मेसेज असा टाकतोय: सात-सातचे दोन ग्रुप, पिरंगुटच्या पुढच्या पंपावर टाकी फुल, सकाळी ६ ला पहिला ग्रुप. फाट्यावर माणूस. पावसात चार सेकंद. टेल म्हणून सगळ्यात नवीन मुलाला ठेवतोय, मागे राहिला तरी चालेल.

सुकाणू
नाही, टेल सगळ्यात अनुभवी. पंक्चर, घसरणं, मागे राहणं, सगळं आधी त्याच्या वाट्याला येतं. ट्यूबलेससाठी पट्ट्यांचा किट आणि १२ व्होल्टचा पंप त्याच्याकडे. स्पोकच्या चाकाची गाडी कोणाकडे आहे का?

निव्वळ_भटका
दोन रॉयल एनफिल्ड क्लासिक आहेत.

तिसरा_गिअर
मग पट्ट्यांनी भागणार नाही, त्यांना ट्यूब असते. पुढच्या-मागच्या मापाची एकेक ट्यूब, टायर लिव्हर, आणि चाक काढायला बसतात ते पाने. कोणत्या गाडीचा कोणता पाना लागतो ते घरीच लावून बघा, घाटात नाही. आणि निघण्याच्या सकाळी दरड पडून घाट बंद आहे का, धबधब्यांपाशी बंदीचा आदेश आहे का, हे बघितल्याशिवाय पंपावरून हलू नका.

निव्वळ_भटका
ओके. दुसऱ्या ग्रुपला टेल अजून मिळालेला नाही.

तिसरा_गिअर
मग मेसेज शनिवारी टाका.