मदत हवी आहे: अण्णांच्या पेसमेकरच्या जागेतून पाणी येतंय, मशीन आणि वायरी सगळंच काढायला सांगितलंय

सोलापूरची_लेक
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे पण प्लीज पूर्ण वाचा, घरात प्रत्येकाचं वेगळं मत चाललंय आणि निर्णय लवकर घ्यायचाय.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय 71, सगळं आयुष्य अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात लूमवर गेलं. हार्ट ब्लॉक (हृदयातला विजेचा संदेश अडतो आणि ठोके मंदावतात तो) निघाला म्हणून 12 वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला. मागच्या वर्षी बॅटरी संपत आली म्हणून मशीन बदललं, वायरी जुन्याच ठेवल्या. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मशीन बदलल्यावर तिथं रक्त साकळून चांगलीच सूज आली होती, ती हळूहळू उतरली. पण दिवाळीनंतर कातडी लाल दिसायला लागली, मग मशीनची कड आतून वर ढकलल्यासारखी दिसू लागली, त्या कडेवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकचकीत झाली आणि शेवटी टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं. सकाळी बनियनवर पिवळट डाग असतो, वाळला की कडक होतो. ताप नाही, भूक बरी आहे, गड्ड्याच्या यात्रेतपण फिरून आले, त्यामुळं ते स्वतः म्हणतात मला काहीच झालेलं नाही.

इथल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, ड्रेसिंग केलं, वाळलं. गोळ्या संपल्या की परत चालू. असं परत परत झालंय. आता पुण्याला दाखवलं तर तिथले डॉक्टर म्हणतात मशीन आणि वायरी, सगळं बाहेर काढावं लागेल, आणि वायरी जुन्या असल्यामुळं ऑपरेशन जोखमीचं आहे. ऐकूनच आईचे हातपाय गळाले. भाऊ म्हणतो एवढ्याशा भोकासाठी एवढं मोठं कशाला, कातडी शिवून घेऊ, नाहीतर फक्त मशीन दुसऱ्या बाजूला बसवू. काका म्हणतात आधी सुईनं पाणी ओढून तपासायला द्या. आणि सगळं काढलं तर मधल्या काळात अण्णांचं हार्ट कशावर चालणार? ज्यांच्या घरात हे झालंय किंवा जे या लाईनमध्ये आहेत त्यांनी खरं काय ते सांगा.

होटगी_रोडवाला
ताई, माझ्या मावशीचं डिट्टो असंच होतं. आम्ही गोळ्यांवर गोळ्या काढत बसलो आणि एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. मग सगळं काढलंच, पण तोवर तब्येत पार खचली होती आणि दवाखान्यात खूप दिवस काढावे लागले. आता दुसऱ्या बाजूला नवीन मशीन आहे, ठणठणीत आहे. अण्णा धडधाकट आहेत तोवरच करून घ्या.

कॅथलॅब_सिस्टर
ताई, मी बरीच वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी, पेसमेकर वगैरे करतात तिथं, काम करते. तुमच्या अण्णांना बघितलेलं नाही त्यामुळं ट्रीटमेंट त्यांचे डॉक्टरच ठरवतील, पण पुण्याच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय ते जगभरात मान्य असलेलंच आहे, उगाच घाबरवलेलं नाही.

भोक पडलंय म्हणजे मशीनचा बाहेरच्या हवेशी संबंध आला, आणि एकदा तसं झालं की पू नसला, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह आलं तरी ते इन्फेक्शनच धरतात. हे जंतू बहुतेक वेळा आपल्या कातडीवरचेच असतात, स्टॅफिलोकोकस जातीचे. ते मशीनच्या आणि वायरीच्या पृष्ठभागावर चिकट थर करून बसतात, बायोफिल्म म्हणतात त्याला. त्या थरातल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही आणि पोचलं तरी ते सगळे मरत नाहीत. म्हणून गोळ्या चालू असताना वरचं वाळतं आणि थांबवल्या की परत सुरू, तुम्ही लिहिलंय अगदी तेच.

भावाला सांगा, कातडी शिवून उपयोग नाही, आत जंतू तसेच राहतात. आणि मशीन काढून जुन्या वायरी ठेवल्या तरी नाही, कारण तीच वायर खिशातून (कातडीखाली मशीन ठेवलेली जागा) शिरेत आणि शिरेतून थेट हृदयात गेलेली असते, जंतूंना ती सरळ वाट आहे. टाके काढायच्या वेळी नुसत्या टाक्याजवळ वरवर पू होतो ती वेगळी गोष्ट, ती गोळ्यांनी बरी होते. वर्षभरानं मशीनच्या कडेला भोक पडणं त्यात बसत नाही.

आणि सुई अजिबात घालू देऊ नका!! कुणीही सांगितलं तरी. बाहेरून सुई घातली की आत जंतू नसले तरी जायचे, वायर टोचली जायची भीती वेगळीच. तपासणी करायची ती रक्ताची, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चरचे कमीत कमी दोन सेट. गोळ्या घेऊन मग कल्चर केलं तर जंतू सापडतच नाहीत आणि नेमकं औषध ठरवायला अडचण होते. आत्ता गोळ्या चालू असतील तर कुठल्या, किती दिवस, सगळं लिहून पुण्याच्या डॉक्टरांना दाखवा. ते बहुतेक अन्ननलिकेतून एकोपण (हृदयाची सोनोग्राफी) करतील, वायरीवर किंवा हृदयाच्या व्हॉल्व्हवर काही चिकटलंय का बघायला.

सोलापूरची_लेक
सिस्टर, इतकं समजावून आम्हाला आत्तापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, खूप खूप धन्यवाद. पण वायरी काढताना नेमकी जोखीम काय? आणि मधल्या काळाचं?

कॅथलॅब_सिस्टर
वायर वर्षाच्या आतली असेल तर बऱ्याचदा नुसती ओढून निघते. 12 वर्षांची वायर शिरेच्या भिंतीला आणि हृदयाच्या आत जागोजागी चिकटलेली असते, ती सोडवायला वायरीवरून खास नळी सरकवत नेतात, काही लेसरवर चालतात तर काही फिरवून कापत जातात. त्यात शीर किंवा हृदय फाटू शकतं, खरी भीती ती. म्हणूनच हार्ट सर्जन आणि ऑपरेशन थिएटर तयार ठेवून करतात. युरोपात 3500 च्या वर पेशंटची एक नोंद 2017 साली आली, त्यात मोठी गुंतागुंत 1.7 टक्के होती. म्हणजे जोखीम आहे, पण इन्फेक्शन आत ठेवण्याची त्याहून जास्त. डॉक्टरांना सरळ विचारा, तुमच्याकडे वर्षाला अशा किती केस होतात आणि सर्जन त्या वेळी हजर असतात का. असं विचारल्याचा चांगले डॉक्टर राग धरत नाहीत.

मधल्या काळाचं म्हणाल तर अण्णांचं हार्ट पूर्ण मशीनवर असेल तर मानेच्या शिरेतून एक वायर घालून तिचं टोक आत स्क्रूनं बसवतात आणि मशीन बाहेर कातडीवर चिकटवतात. पेशंट उठतो, चालतो, जेवतो. काढल्यानंतरचं ब्लड कल्चर कमीत कमी 72 तास निगेटिव्ह राहिलं की नवीन मशीन, तेही दुसऱ्या बाजूला. इन्फेक्शन फक्त खिशापुरतं असेल तर काढल्यावर साधारण 10 ते 14 दिवस अँटिबायोटिक, व्हॉल्व्हला लागलं असेल तर 4 ते 6 आठवडे. काहींना वायर नसलेला छोटा पेसमेकर मांडीतल्या शिरेतून थेट हृदयात बसवतात, पण तो सगळ्यांना चालत नाही आणि महागही आहे.

तोपर्यंत जागा कोरडी ठेवा, सोलापूरच्या घामात सैल सुती सदरा घाला, हळद-तेल, कुठली पावडर काही लावू नका. थंडी वाजून ताप आला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तशाच निघा.

बार्शीकर
मधेच विचारतो, माफ करा. आईची बॅटरी पुढच्या महिन्यात बदलायचीय, तिला रक्त पातळ व्हायची गोळी आहे आणि शुगरपण. असं होऊ नये म्हणून काय करावं?

कॅथलॅब_सिस्टर
बरं झालं आधी विचारलंत दादा, बॅटरी बदलताना इन्फेक्शनची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा जास्तच असते. शुगर आटोक्यात आणा, आणि त्या आठवड्यात ताप किंवा कुठं पू असेल तर डॉक्टरांना सांगून तारीख पुढे ढकला. रक्त पातळ करायच्या गोळीचं मनानं काही करू नका, ती बंद करून त्याऐवजी हेपरिनची (तेही रक्त पातळच करतं) इंजेक्शनं दिली तर उलट मशीनच्या जागी रक्त जास्त साकळतं असं 2013 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, आणि साकळलेलं रक्त हेच पुढे इन्फेक्शनचं मोठं कारण होतं. ताई, तुमच्या अण्णांनाही तशी सूज आली होती ना. काप घेण्याच्या आधी तासाभरात अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलंच पाहिजे, घरी आल्यावर आठवडाभर गोळ्या खाऊन विशेष फायदा होत नाही. जास्त जोखमीच्या पेशंटला मशीनभोवती औषध लावलेली जाळीची पिशवी घालतात, त्यानं इन्फेक्शन कमी होतं असं 2019 मध्ये जवळजवळ 7000 पेशंटवर बघितलंय. खर्चिक आहे, पण आईंना लागेल का एवढं विचारून ठेवा.

होटगी_रोडवाला
ताई, पैशाचं टेन्शन असेल तर ज्या दवाखान्यात करणार तिथल्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधीच भेटा, रेशनकार्ड आधार घेऊन. यातलं काय काय योजनेत बसतं ते मंजुरी आल्यावरच पक्कं धरा. नाही बसलं तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करता येतो.

सोलापूरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला आणि काकांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, सुईचा विषय तिथंच संपला. अण्णा अजून नको म्हणतायत, पण आई आता ठाम आहे. सोमवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघतोय, जुनं डिस्चार्ज कार्ड, मशीनचं ओळखपत्र आणि गोळ्यांची यादी फाइलला लावलीये. पुण्यात पेशंटच्या नातेवाइकांना राहायला दवाखान्याजवळ स्वस्तात कुठं सोय होते का, कुणाला माहिती असेल तर सांगा, आईला जिने चढवत नाहीत.