मदत हवी आहे: पालिकेचा हॉल संस्थांना वापरायला देण्याचे नियम कसे असावेत?

गिरणगावकर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे गिरणगावात पालिकेची एक दुमजली इमारत आहे. खाली हॉल, वर दोन खोल्या आणि गच्ची. बरीच वर्षं ती एका मंडळाकडे होती. आता ताबा पालिकेकडे परत आलाय, आणि नव्याने वापरायला द्यायची तर नियम काय असावेत हे इथल्या संस्थांनी लेखी कळवा, असं वॉर्ड ऑफिसने सांगितलंय. मसुदा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

अर्ज करणारे बरेच: ज्येष्ठ नागरिक संघ, दोन महिला बचत गट, भजनी मंडळ, व्यायामशाळा, ढोल-ताशा पथक, अभ्यासिका काढू पाहणारी मुलं, एक योगवर्ग. सगळ्यांना संध्याकाळी सहा ते नऊ हीच वेळ हवी. दुपारी हॉलमध्ये कबुतरांशिवाय कोणी नसतं.

आधी काय व्हायचं तेही सांगतो. भाडं नाममात्र होतं, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण शटरला दोन कुलपं आणि दोन्हींच्या किल्ल्या दोन पदाधिकाऱ्यांच्या घरी. विजेचा मीटर मंडळाच्या नावावर. मागच्या बाजूला मांडवाच्या कनाती, लोखंडी पाइप, कुठल्याशा वर्षीच्या देखाव्याचे थर्माकोलचे खांब. बचत गटाने पापड वाळवायला गच्ची मागितली की "विचारून सांगतो". लग्नसराईत मात्र हॉल दर रविवारी लागलेला, आणि त्या पैशाची पावती कोणाच्या नावे फाटायची ते कधी कळलं नाही. वेळ, मुदत, पोटभाडं, कशाबद्दलही करारात एक ओळ नव्हती.

तर विचारायचंय ते असं: भाडेपट्टा करावा की परवाना? भाडं कशावर ठरवावं? नोंदणी नसलेल्या गटांचं काय? आणि त्या सहा ते नऊचं काय करू?

फाईलवाला

पालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालोय, म्हणून दोन गोष्टी.

तुम्ही सुचवणार, ठरवणार पालिका. पालिकेची मालमत्ता भाड्याने द्यायचे अधिकार कोणाला आणि कोणाच्या मंजुरीने, ते 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 92 मध्ये आहे. जागा रिकामी करून घ्यायची तरतूद 105-ब मध्ये. मसुदा या दोन्हींशी विसंगत असला तर फाइल जिथे जाईल तिथेच झोपेल.

दुसरी जास्त महत्त्वाची. संस्थेला जागा देऊ नका, वेळ द्या. "तळमजल्याचा हॉल अमुक मंडळास" असं लिहिलंत की मंडळ दुसऱ्या दिवशी कुलूप आणतं. "तळमजल्याचा हॉल, सोमवार व बुधवार, सहा ते साडेसात" असं लिहिलं की कुलूप पालिकेचंच राहतं. किल्ली चौकीदाराकडे, घेताना-देताना रजिस्टरमध्ये सही आणि वेळ. मीटरही पालिकेच्याच नावावर हवा. बिलावर संस्थेचं नाव आलं की तेच बिल उद्या ताब्याचा पुरावा म्हणून पुढे येतं. किती पाहिलीत अशी प्रकरणं!

वकिलीबाणा

वरच्याला दुजोरा. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो, परवान्याने फक्त वापरायची मुभा मिळते. तुमच्यासाठी परवानाच बरा, अकरा महिन्यांचा, आपोआप नूतनीकरण न होणारा.

पण यात एक खाच आहे. 1882 च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम 60 प्रमाणे, परवान्याच्या भरवशावर कोणी स्वखर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल तर परवाना मागे घेता येत नाही. म्हणून "आम्ही आमच्या पैशाने लादी बसवतो, पोटमाळा काढून देतो" असं कोणी कितीही प्रेमाने म्हणालं तरी हात जोडा. बांधकाम पालिकाच करील. ज्याला देणगी द्यायचीय त्याने ती पालिकेकडे भरून पावती घ्यावी.

आणि "आम्ही जुने भाडेकरू" असा सूर लागला तर 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना लागूच नाही, हे लक्षात असू द्या.

निवडीबद्दल: आपल्याच मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेवरून सर्वोच्च न्यायालयाचा 1979 चा निकाल आहे, रमणा शेट्टी प्रकरण. निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट, आणि काम मिळालं ती अट पुरी न करणाऱ्याला. न्यायालयाने म्हटलं, सरकारी संस्थेने घातलेले निकष तिने स्वतः पाळलेच पाहिजेत. पण दाद मागणाऱ्याच्या पदरात काही पडलं नाही, कारण तो उशिरा आला आणि तोवर समोरच्याचा खर्च होऊन गेला होता. म्हणून तुमच्या मसुद्यात वाटपाची यादी लागल्यावर हरकतीसाठी ठरावीक दिवस ठेवा आणि ते संपेपर्यंत कोणाला किल्ली देऊ नका. 2011 मध्ये भोपाळच्या एका ट्रस्टला जाहिरातीशिवाय दिलेली जमीन त्याच न्यायालयाने रद्द केली. तेव्हा सूचना न लावता एकही तास द्यायचा नाही.

अन्नपूर्णा

दादा, "सगळ्यांना सहा ते नऊच हवी" हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी बचत गटात आहे (तुमच्या भागातल्या नाही). आमच्यातल्या निम्म्या जणी पाचला दुसऱ्या कामावर जातात. आम्हाला दोन ते चार मिळाले तर सोनं. तुमच्या बैठका संध्याकाळी, त्यामुळे तिथे येणारेच संध्याकाळ मागणार. आधी गटागटाला जाऊन विचारा.

कागदपत्रांचं म्हणाल तर ट्रस्ट नोंदणीचं प्रमाणपत्र आणि तीन वर्षांचं ऑडिट मागितलंत की आमच्यासारखे पहिल्या फटक्यात बाद. आमच्याकडे गटाचं बँक खातं असतं, ठरावाची वही असते, दर बैठकीच्या सह्या असतात. आठवड्याला दोन तासांसाठी एवढं पुरे धरा. अनामत रक्कमही तासांच्या हिशेबाने ठेवा, सरसकट नको.

तिरकस

नियम चांगले होतील हो. मग एखाद्या माननीयांचं पत्र येईल आणि सगळे मुसळ केरात.

मैदानांचं आठवतंय ना? देखभालीला म्हणून दिलेल्या काही भूखंडांवर क्लब उभे राहिले, सभासदत्वाची फी लागली, फाटकं बंद. 2016 च्या जानेवारीत पालिकेच्या सभागृहाने दत्तक धोरण (मैदानं देखभालीला संस्थांकडे द्यायचं) मंजूर केलं, बोंब झाली, मुख्यमंत्री फडणवीसांनी स्थगिती दिली आणि आधीचे भूखंड परत घ्यायची धावपळ सुरू झाली. 2023 मध्ये नवा मसुदा आला, पुन्हा विरोध. देखभाल ज्याच्याकडे, फाटक त्याचं, हे काही बदलत नाही.

एक खरंच विचारतो. जेवणाचं काय ठरवणार? "फक्त शाकाहारी" अशी पाटी लागली की अर्धी वस्ती बाहेर, तीही नियमाने.

गिरणगावकर

अन्नपूर्णाताई, मुद्दा शंभर टक्के मान्य. याच आठवड्यात दोन्ही गटांकडे जातो.

तिरकसराव, हॉलमध्ये स्वयंपाक कोणीच करायचा नाही, आणि डब्यात कोणाच्या काय आहे ते कोणी बघायचं नाही. तसंच लिहितो. जात, धर्म, भाषा, पक्ष यावरून अर्ज नाकारता येणार नाही, ही ओळ सगळ्यात वर. पत्रावर उपाय एकच सुचतोय: आठवड्याचं वेळापत्रक दाराबाहेर फळ्यावर, कोणाला कुठली वेळ आणि किती भाड्याने, सगळं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे सवलती आणि परवाने कोणाला दिले ते स्वतःहून जाहीर करायचंच असतं, तेव्हा फळ्याला कोणी नाही म्हणू शकणार नाही.

भाड्याचं असं मनात आहे. संस्था कोण ते न बघता ती येणाऱ्यांकडून काय घेते ते बघायचं. काही घेत नसेल तर नाममात्र. फी घेत असेल तर जास्त. योगवर्गाचे सर म्हणतात, "आमचं सेवाकार्य आहे." असेल, पण महिन्याची फी आहे. लग्न-बारसं पूर्ण दराने, पैसे थेट पालिकेकडे, पोटभाडं आढळलं तर परवाना रद्द.

सहा ते नऊचे दीड-दीड तासांचे दोन भाग, एका संस्थेला आठवड्यात दोनच, मागणी जास्त असेल तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या. ज्यांना यंदा मिळाली नाही ते पुढच्या वर्षी चिठ्ठीशिवाय आधी.

ढोल-पथकाचं तेवढं अडलंय. त्यांना सराव मैदानावरच करायचाय, हॉल हवाय तो ढोल ठेवायला. चांगली पोरं आहेत, सरळ नाही म्हणवत नाही.

फाईलवाला

नाहीच म्हणा. ढोल आले की ताडपत्री येते, मागोमाग कनाती येतात. अगदीच वाटलं तर वरच्या खोलीत पालिकेची कपाटं ठेवा, प्रत्येक संस्थेला एक, भाडं वेगळं, दुसरी किल्ली चौकीदाराकडे. कपाटात मावेल ते ठेवा, बाकी घरी न्या. ढोल मावत नाही, आणि तुम्हाला वाईटपणाही येत नाही.