मदत हवी आहे: पाय सुजलेत पण जीभ कोरडी, पेशंटला पाणी जास्त झालंय की कमी?

नमस्कार, मी जीएनएम नर्सिंग डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, पोस्टिंग सोलापुरातच मेडिसिन वॉर्डला. इथलं ऊन माहितीच आहे, जुलाबाचे वयस्कर पेशंट लई येतायत. त्यात एक आजोबा, हार्ट फेल्युअरचे, फुरोसेमाइड (लघवी वाढवून पाणी काढणारं औषध) चालू आणि वरून जुलाब. पाय दाबला की खड्डा पडतो पण जीभ सुकलेली, लघवी गडद, बसवलं की चक्कर. पुस्तकात पाणी जास्त आणि पाणी कमी असे दोन कॉलम असतात, हे दोन्हीत बसतात! सलाईन ताशी ७५ मिली चालूए. चिमटा काढला तर कातडी हळू बसते, पण म्हाताऱ्यांची तशीच बसते ना? आय-ओ चार्टवर (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं त्याची नोंद) भरवसा नाही, नातेवाईक मधेच ताक पाजतात नि सांगत नाहीत. नेमकं बघू काय आणि डॉक्टरांना कधी बोलवू?

वॉर्डवाली ताई:
दोन्ही एकदम असू शकतं गं. पायातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर साठलेलं असतं, बीपीला त्याचा उपयोग नाही, म्हणून सूज दिसली की आत भरपूर पाणी आहे असं धरू नको. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन कर, एका दिवसात किलोभर फरक म्हणजे साधारण लिटरभर पाणी. चिमटा हातावर नको, छातीच्या मधल्या हाडावर काढ. बीपी आडवं असताना आणि मग उठवून घे, वरचा आकडा २० ने उतरला तर पाणी कमी पडत असू शकतं. लघवी ताशी किलोमागे अर्धा मिली तरी हवी, म्हणजे ६० किलोला ३०, दोन तास त्याखाली राहिली की कळव. फुरोसेमाइडचा पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारच, जुलाबात पोटॅशियम आधीच उतरलेलं असू शकतं, या औषधाने अजून उतरतं. आजोबा अचानक बरळायला लागले तर सोडियम बघायला सांग.

आणि सलाईन चालू असताना धाप लागली, आडवं झोपवेना, ऑक्सिजन सॅच्युरेशन उतरलं तर वाट बघत बसू नको, डोकं उंच कर, सलाईन अगदी हळू कर आणि तिथूनच डॉक्टरांना हाक मार.

धागाकर्ती:
थँक्यू ताई! पण ताक आणि जुलाब मोजायचे कसे?

वॉर्डवाली ताई:
घरच्यांना एकच ग्लास दे, आधी मोजून ठेव किती मिलीचा आहे ते, प्यायले की कागदावर रेघ मारायला सांग. चार्ट भर म्हटलं तर कोणी भरत नाही, रेघ मारतात. जुलाब बेडपॅनमध्ये घेऊन मोज, डायपर असेल तर वजन करून कोरड्याचं वजा कर, एक ग्रॅमला एक मिली धर.