शब्दचर्चा: ‘इनपुट व्हॅलिडेशन’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: डेस्कटॉप प्रोग्रॅमची मराठी माहितीपुस्तिका करायची आहे. ‘व्हॅलिडेशन’साठी, म्हणजे रकान्यात लिहिलेला मजकूर नियमांत बसतो का हे प्रोग्रॅमने बघण्यासाठी, प्रमाणीकरण, वैधीकरण, पडताळणी असे पर्याय सापडतात. रकान्यात चूक झाली की दिसणाऱ्या ‘अवैध नोंद’ या संदेशालाही पर्याय हवाय.

उत्तर: प्रमाणीकरण नको. आधार-ओटीपीमुळे तो शब्द ‘माणूस तोच आहे का’ या अर्थाने रुळलाय. पडताळणी म्हणजे दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहणं. पिनकोड सहा आकडी आहे का हे बघणं ही तपासणी. तो लिहिलेल्या गावाचाच आहे का, ही पडताळणी. तेव्हा साधं ‘रकाना-तपासणी’ म्हणा. आणि ‘अवैध’ म्हटलं की दारू नाहीतर वाळू आठवते! संदेशात काय हवंय तेच लिहा: ‘वय १८ ते ६० च्या दरम्यान हवे’.

आणखी एक उत्तर: रकाना-तपासणी ठीक, पण निकाल दोनच धरू नका. क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचातल्या व्हॅलिडेटरमध्ये (रकाना तपासणाऱ्या भागात) तीन निकाल असतात आणि मधल्यालाच मराठी शब्द लागतो. मी ग्राह्य, अपूर्ण, अग्राह्य असे घेईन. १८ ते ६० अशी मर्यादा लावलेल्या रकान्यात २५ लिहायचंय, तर आधी नुसता २ येणार. तो मर्यादेबाहेर म्हणून नाकारला तर २५ कधीच लिहिता येणार नाही, म्हणून तो ‘अपूर्ण’. गंमत म्हणजे ७५ सुद्धा अपूर्णच ठरतो, कारण ६० प्रमाणे तोही दोन आकडीच आहे. तो रकान्यात बसतो, फक्त एंटर दाबल्यावर पुढची क्रिया होत नाही आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो. तिथे संदेश आपणच दाखवायचा. १२३ मात्र टाइपच होत नाही.

टीकेइंटर या पायथन भाषेतल्या तशाच साधनसंचात होकार-नकार एवढंच असल्यामुळे हे स्वतः सांभाळावं लागतं. प्रत्येक कळीला तपासणी लावली असेल तर रिकामा रकाना ग्राह्य धरा, नाहीतर शेवटचा आकडा बॅकस्पेसने पुसला जात नाही. तपासणाऱ्या फंक्शनमधूनच (कोडच्या तुकड्यातूनच) त्या रकान्याचा मजकूर बदललात तर तपासणी गुपचूप बंद पडते; चूक दिसत नाही, म्हणून शोधायला वेळ लागतो.

भर: पुस्तिकेत ‘टंकताना’, ‘रकाना सोडताना’ आणि ‘अर्ज देताना’ असे तीन शब्दप्रयोग वेगळे ठेवा. विनफॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचात रकाना सोडताना व्हॅलिडेटिंग इव्हेंट (घटनेची सूचना) येतो आणि तिथे कॅन्सल हे मूल्य ‘खरं’ (ट्रू) केलं की कर्सर अडकून राहतो. मग ‘रद्द करा’ बटणही चालत नाही. त्या बटणाचा कॉझेसव्हॅलिडेशन हा गुणधर्म ‘खोटा’ (फॉल्स) करावा लागतो. खिडकीच्या फुलीसाठी फॉर्मक्लोझिंग या खिडकी बंद होतानाच्या इव्हेंटमध्ये कॅन्सल पुन्हा खोटं करा. टंकताना फक्त कीप्रेसवर (कळ दाबल्याच्या इव्हेंटवर) विसंबलात तर उजव्या क्लिकने चिकटवलेला मजकूर तपासणीविनाच आत येतो.

भर, देवनागरीबद्दल: ‘आकडा’ म्हणजे कोणता आकडा, हेही ठरवून लिहा. सी-शार्प भाषेत ‘हा आकडा आहे का’ हे सांगणारं कॅरॅक्टरचं इझडिजिट देवनागरी १ ला आकडा मानतं, पण पुढे मजकुराची संख्या करणारं इंट-पार्स देवनागरी ‘१२’ वर अपवाद फेकतं, म्हणजे चूक दाखवून थांबतं. पायथनमध्ये हेच काम करणारं इंट देवनागरी ‘१२’ नीट वाचतं. तिथे अडतं ते वर्ग दाखवणाऱ्या वरच्या छोट्या २ वर (²). इझडिजिट त्याला होकार देतं, इंट नाकारतं. म्हणून इझडिजिटऐवजी इझडेसिमल वापरा.

‘फक्त अक्षरे चालतील’ हा संदेश तर धोक्याचाच. पायथनच्या इझअल्फाला (‘सगळी अक्षरंच आहेत का’ या तपासणीला) ‘कमल’ चालते, ‘सीता’ चालत नाही, कारण काना, वेलांटी ही युनिकोड या लिपिसंकेत-प्रणालीत अक्षरं नसून चिन्हं आहेत. प्रत्येक कळीला ही तपासणी लावली तर ‘सीता’ टंकताना रकान्यात ‘सत’ उरतं. नावाच्या रकान्यात युनिकोडचे अक्षर आणि चिन्ह हे दोन्ही वर्ग घ्या, शिवाय मोकळी जागा. शून्य-रुंदीचा जोडक (झीरो-विड्थ जॉइनर, न दिसणारं जोडचिन्ह) हाही घ्या. काही कीबोर्डांवर ‘कऱ्हाडे’तला र त्याच्याच साहाय्याने उमटतो.