सागरी विज्ञानातून धोरणाकडे: एफ-१ व्हिसावर कोणती फेलोशिप?

ओहोटीरेघ
अमेरिकेत किनारी परिसंस्थाशास्त्रात एमएस चालू आहे. व्हिसा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा), पदवी मे महिन्यात. प्रबंधाचा विषय: नायट्रोजन वाढला की सागरी गवताची कुरणं का घटतात. पीएच.डी. करायची नाही, धोरणाच्या कामाकडे वळायचंय. यादीत एनएसएफची (राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची) जीआरएफपी ही पदव्युत्तर संशोधनाची फेलोशिप आणि नॉस मरीन पॉलिसी ही सागरी धोरणाची फेलोशिप आहे. अर्जातलं एकच स्टेटमेंट थोडं फिरवून दोन्हीकडे चालेल का? आणि नॉस फेब्रुवारीत सुरू होते, तर मधल्या काळात व्हिसाचं काय?

खारफुटी
जीआरएफपी आजच खोडून टाका. ती फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे. शिवाय तिथे पैसे मिळतात ते संशोधनाच्या वर्षांसाठी: पाच वर्षांच्या मुदतीत तीन वर्षं स्टायपेंड. पीएच.डी. करायचीच नसेल तर त्याचा उपयोग काय?

नॉस हा वेगळाच प्रकार आहे. १९७९ पासून चालू, मुदत एक वर्ष, जागा वॉशिंग्टनमध्ये, काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) कार्यालयांत किंवा सरकारी खात्यांत. अर्ज थेट वॉशिंग्टनला जात नाही, आपल्या राज्याच्या सी ग्रँट (विद्यापीठांशी जोडलेल्या सागरी संशोधनाच्या) कार्यक्रमातून जातो. आधी राज्याची समिती चाळणी लावते, मग राष्ट्रीय निवड होते आणि त्यानंतर यजमान कार्यालयांच्या मुलाखती. परदेशी विद्यार्थ्याला काही कार्यालयं सुरक्षा-तपासणीमुळे बंद असू शकतात. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधीच सी ग्रँटच्या फेलोशिप समन्वयकाला ईमेल करून या वर्षीच्या अटी विचारा. मागच्या वर्षीचं पत्रक वाचून लिहिलेला अर्ज तारखांवरच अडकतो.

लाटांचा_हिशेब
स्टेटमेंट फिरवून चालणार नाही. जीआरएफपीचे परीक्षक संशोधनाची कल्पना तपासतात. नॉसचे परीक्षक पाहतात ते हे, की हा माणूस सोमवारी सकाळी एका कर्मचाऱ्याच्या टेबलाशी बसून दोन पानी टिपण लिहू शकेल का.

नेहमीची चूक म्हणजे पहिला अर्धा भाग प्रबंधाचा सारांश आणि शेवटी ‘मला धोरणात रस आहे’ एवढं एकच वाक्य. उलटं करा. तुमच्या विषयाला कायद्याचा धागा आयता आहे. क्लीन वॉटर ॲक्टच्या कलम ३०३(ड)खाली राज्यं दूषित पाण्याच्या जागांची यादी करतात आणि त्या जागांसाठी प्रदूषकाची रोजची कमाल मर्यादा ठरवतात. ती मर्यादा ठरवताना सागरी गवताला किती प्रकाश लागतो हा निकष धरता येतो का, हा तुमचाच प्रश्न आहे. दुसरा धागा १९७२ च्या किनारी क्षेत्र व्यवस्थापन कायद्याचा: केंद्राच्या कामांनी राज्याच्या मंजूर किनारी धोरणांशी शक्य तितकं सुसंगत राहावं अशी त्यात तरतूद आहे. यांपैकी एकच घ्या आणि नीट मांडा. दहा कायद्यांची नावं पेरली की ती उसनी आहेत हे लगेच कळतं.

शिफारसपत्रांचंही तेच. एक गाईडचं लागतं आणि गाईड बहुधा प्रयोगशाळेतल्या कौशल्याचंच कौतुक करतात. तुम्ही काय लिहिलं, कुणाला समजावलं, मुदत कशी पाळली, याचे चार मुद्दे त्यांना महिनाभर आधी लिहून द्या. दुसरं पत्र विद्यापीठाबाहेरच्या व्यक्तीचं मिळालं तर उत्तम.

शिडाची_दोरी
व्हिसाचा हिशेब तारखांसकट मांडतो, कारण गोची इथेच आहे. पदवीनंतरच्या ओपीटीची (विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या बारा महिन्यांच्या कामाच्या परवानगीची) सुरुवात कार्यक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आत धरावी लागते. मेच्या मध्यात संपलात तर उशिरात उशिरा जुलैचा मध्य. तिथून ९० दिवसांचा बेकारीचा कोटा (कामाविना राहता येण्याचे दिवस) सुरू होतो आणि काम नसेल तर ऑक्टोबरच्या मध्यात संपतो. त्यातून निभावलंत तरी बारा महिने पुढच्या जुलैत संपतात, म्हणजे फेलोशिपच्या ऐन मध्यावर.

डिसेंबरच्या मध्यात कार्यक्रम संपवला तर १ फेब्रुवारी ही ओपीटीची सुरुवात धरता येते आणि बारा महिने जवळपास जसेच्या तसे बसतात. फक्त नोंदणी आणि पदवीच्या तारखांची नॉसची अट डिसेंबरलाही पुरी होते ना, हे समन्वयकाकडून लेखी घ्या.

मेच ठेवायचा असेल तर मधल्या काळात विषयाशी संबंधित, आठवड्याला किमान २० तासांचं काम हवं. साध्या ओपीटीत ते बिनपगारीही चालतं, पण कामगार कायद्यात बसणारं असावं आणि त्याची पत्रं जपून ठेवावीत. स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणाऱ्या) २४ महिन्यांच्या वाढीवर सहज विसंबू नका: तिथे ई-व्हेरिफाय या कामाचा हक्क तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत नोंदलेला मालक आणि आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा लागतो. काही सी ग्रँट कार्यक्रम फेलोला विद्यापीठाचा कर्मचारी करतात, काही नुसता स्टायपेंड देतात. दुसऱ्या प्रकारात मालक कोण हाच प्रश्न उभा राहतो. कर कापला जातो की स्वतः तिमाही भरायचा, हेही त्यावरच ठरतं, तेव्हा विचारताना दोन्ही एकदमच विचारा.

ओहोटीरेघ
उन्हाळी सत्र धरून ऑगस्टमध्ये संपवलं तर?

शिडाची_दोरी
ऑगस्टचा मध्य धरला तर ओपीटी उशिरात उशिरा ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होते आणि कोटा जानेवारीच्या मध्यात संपतो. फेब्रुवारीपर्यंतचे दोन-तीन आठवडे कामाने भरता येतील. पण ओपीटी पुढच्या ऑक्टोबरात संपेल आणि शेवटचे साडेतीन महिने उघडे पडतील. डिसेंबरच धरा. आय-२० वरची (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावरची) कार्यक्रम संपण्याची तारीख बदलायला आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे ती उलटायच्या आत जावं लागतं, नंतर नाही.